मोठेपणाचा हव्यास : 'डेथ मॅग्नेटिक'च्या ध्वनिमिश्रणाची चिकित्सा

भारतीय संगीतशास्त्रात उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती असे नादाचे तीन विशेष मानले जातात. ध्वनिमिश्रण शिकविताना सोयीसाठी असे सांगितले जाते की, इक्वलायझेशन नादाच्या जातीवर कार्य करते, तर कंप्रेशन लहानमोठेपणावर. ही विभागणी वर्गापुरती ठीक आहे. प्रत्यक्षात ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी मेटॅलिका या अमेरिकन रॉकसमूहाचा २००८ मधील 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम येथे विचारार्थ घेतला आहे.

कंप्रेसर ठरावीक पातळी ओलांडणारा ध्वनी दाबतो. चारास एक हे प्रमाण ठेवल्यास पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला ध्वनी २ डेसिबलच वर राहतो. मात्र सामान्य कंप्रेसर प्रतिसाद देतो तो ध्वनीच्या एकूण पातळीला, आणि संगीतातील बरीचशी ऊर्जा खालच्या वारंवारतांत असते. त्यामुळे संपूर्ण मिश्रणात इक्वलायझरने आधी खर्ज वाढविला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी गायकाचा आवाजही दबतो. हात लावला खर्जाला, दबला मात्र गळा! अनावश्यक खर्ज आधीच काढला तर कंप्रेसरला काम कमी उरते. म्हणजेच इक्वलायझेशन हा चढउताराविषयीचाही निर्णय असतो.

याची उलट बाजू 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये दिसते. 'द डे दॅट नेव्हर कम्स' ही रचना संथ, स्वच्छ गिटारने सुरू होऊन क्रमाने उग्र होते. तिचे सारे मर्म या चढणीत आहे. परंतु मिश्रण इतके दाबलेले आहे की शिखर आले तरी आवाजाला वाढायला जागा नाही. कमाल मर्यादेवर तरंगांचे माथे छाटले जातात आणि त्यातून मूळ वादनात नसलेले वरचे स्वरांश निर्माण होतात. मोठेपणाच्या हव्यासाने येथे नादाची जातीच बदलली.

रॉकला असा कर्कशपणा शोभतो, हा युक्तिवाद ग्राह्य वाटत नाही. 'गिटार हीरो' या व्हिडिओगेमसाठी हीच गाणी कमी दाबलेल्या रूपात उपलब्ध झाली होती. त्या रूपातही उग्रता आहे, शिवाय ढोलाचा ठोका सुटा ऐकू येतो. हजारो श्रोत्यांनी फेरमिश्रणाची मागणी केली, ती याच तुलनेमुळे. अंतिम संस्करण करणारे टेड जेन्सन यांनीही मिश्रण आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते, असे सांगितले होते. दोष कोणा एका यंत्राच्या माथी मारता येत नाही.

अशी तुलना करताना दोन्ही रूपांची सरासरी पातळी समान करणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा ध्वनी कानाला अधिक चांगला वाटतो. आज स्पॉटिफायसारखी माध्यमे सर्व गाणी जवळपास एकाच पातळीवर आणून ऐकवितात. तेथे या अल्बमचा मोठेपणा आपोआप कमी होतो. छाटलेले माथे तसेच राहतात.