तोंडदेखली विविधता

आजचा विषय जरा तापलेला आहे. जुन्या कादंबरीवर नवी मालिका येते, तिच्यातल्या गोऱ्या पात्राच्या जागी काळा किंवा आशियाई नट दिसतो, आणि ट्रेलर संपायच्या आत दोन तट पडतात. एक म्हणतो, ही जबरदस्ती आहे. दुसरा म्हणतो, तुम्ही वर्णद्वेष्टे आहात. मालिका तोवर कुणीच पाहिलेली नसते, हा भाग वेगळा.

या प्रकाराची टवाळी करणं हाही आता एक धंदा झालाय. 2023 मध्ये 'साउथ पार्क'ने 'जॉइनिंग द पँडरव्हर्स' नावाचा विशेष भाग केला. कार्टमनला त्यात स्वप्नं पडतात, की आपल्या आणि मित्रांच्या जागी वेगवेगळ्या वर्णांच्या बायका आल्या आहेत. त्या भागातलं आम्हाला काय आवडतं, तर त्याने डिस्नेला टोला हाणलाच, पण दिवसरात्र कुरकुरणाऱ्या प्रेक्षकालाही सोडलं नाही. बहुतेक टवाळीला एवढं भान नसतं. पडद्यावर नट दिसतो, म्हणून मार नटाला बसतो. निर्णय ज्या खोलीत झाला ती खोली कुणाला दिसत नाही. आज आपल्याला त्या खोलीत डोकवायचं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. 'पूर्वी बरं होतं, लायकी बघून भूमिका द्यायचे' हे म्हणणं खरं नाही. 1937 चा 'द गुड अर्थ' घ्या. पर्ल बक यांच्या कादंबरीतली चिनी शेतकऱ्याची बायको पडद्यावर साकारली लुईझे रायनर या गोऱ्या नटीने, आणि तिला ऑस्करही मिळालं. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत नटी तेव्हा हॉलिवूडमध्येच होती. तिच्यापुढे काय ठेवलं? त्याच चित्रपटातल्या रखेलीची भूमिका. तिने ती नाकारली. म्हणजे चेहरा बघून भूमिका वाटणं आजचं नाही. पूर्वी त्याला कुणी जबरदस्ती म्हणत नव्हतं, एवढंच.

मग आज काय चुकतंय? लोक म्हणतात, ऑस्करचा नियमच आहे, बिचारे निर्माते काय करणार. तर तो नियम नीट बघू. अकादमीने 2020 मध्ये चार निकष जाहीर केले आणि 2024 च्या सोहळ्यापासून ते लागू झाले, तेही फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी. चारपैकी दोन पुरे केले की झालं. पडद्यावरचे कलाकार आणि कथा हा त्यातला एक निकष. बाकीचे तीन कॅमेऱ्यामागची मंडळी, प्रशिक्षणाच्या संधी आणि जाहिरात-वितरणातली माणसं यांच्याविषयी आहेत. म्हणजे सगळे नट गोरे ठेवूनही चित्रपट स्पर्धेत बसू शकतो. तेव्हा नियमाच्या आड लपायचं कारण नाही.

खरी गोष्ट अशी, की चेहरा बदलणं स्वस्त असतं आणि पटकथा बदलणं महाग. त्या खोलीतला संवाद आम्ही असा कल्पितो.

'नायिका आपण हिंदुस्थानी करू या.'
'छान. मग तिचे संवाद बदलावे लागतील.'
'संवाद कशाला? चांगले आहेत की.'
'पण ती त्या काळात लंडनला आली कशी?'
'जहाजाने.'
'आणि घरी कुठली भाषा बोलते?'
'आहेत तेवढ्या सगळ्या थोड्या थोड्या घाला. कुणाला वाईट नको वाटायला.'

आम्ही फार ताणतोय असं वाटत असेल, तर 'ब्रिजर्टन'चा 2022 चा दुसरा सीझन बघा. मूळ कादंबरीतल्या शेफील्ड बहिणी इथे शर्मा झाल्या आणि मुंबईहून आल्या. वडिलांना 'अप्पा' म्हणतात, थोरलीला 'दीदी', धाकटीला बंगाली 'बोन', आणि धाकटीला येणाऱ्या भाषांमध्ये चक्क मराठी आणि हिंदुस्थानी. मराठीचं नाव ऐकून आपल्यालाही क्षणभर गुदगुल्या झाल्याच, नाही का? पण जरा हिशोब करा. कथेचा काळ 1814 चा. पेशवाई बुडायला चार वर्षं उरलीत. मुंबईहून आलेली, मराठी जाणणारी मुलगी कंपनी सरकारच्या राजधानीत नाचतेय, आणि कथानकाला त्याचं काहीही देणंघेणं नाही. हळद लागते, लग्नाची धांदल होते, पण इतिहास गायब. भाषा कानातल्या डुलासारखी घातली आणि काढली.

यावर कुणी म्हणेल, अहो, ती परीकथा आहे, मजा घ्या. मान्य. आणि सावळ्या मुलीला अशा भरजरी प्रेमकथेची नायिका झालेली पाहून परदेशात वाढलेल्या आपल्या पोरींना जे सुख झालं असेल, ते आम्ही खोटं म्हणणार नाही. पण म्हणूनच तर प्रश्न विचारायचा. पहिल्याच सीझनमध्ये ही मालिका सांगते, की राजाने काळ्या राणीशी लग्न केलं आणि तेढ मिटली. एका लग्नात! ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला 1833 मध्ये. म्हणजे कथा घडते तेव्हा, 1813 मध्ये, कॅरिबियन मळ्यांवर माणसं मालकीची होती, आणि इंग्लंडच्या कितीतरी श्रीमंत घराण्यांचा पैसा तिथून येत होता. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच मेजवानीला बसवायचं, आणि ताट कुणाच्या घामाचं हे मात्र काढायचं नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: तोंडदेखलं.

आता उलटं उदाहरण. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, काळसर वर्णाचा पोर. शेजारचे लिंटनसाहेब त्याला पाहून 'लास्कर' असावा अशीही शंका घेतात; लास्कर म्हणजे जहाजावरचा हिंदुस्थानी खलाशी. एडगर लिंटन गोरा, निळ्या डोळ्यांचा, आणि पोरगा हीथक्लिफ त्याच्या त्या गोरेपणाचा हेवा करतो. त्याच्या सगळ्या सुडाचं एक मूळ तिथे आहे. 2011 मध्ये आंद्रेआ आर्नल्ड यांनी या भूमिकेसाठी जेम्स हाउसन हा काळा नट घेतला, आणि त्याला पडणाऱ्या शिव्या आणि मार त्या वर्णाशी जोडून दाखवले. तिथे चेहऱ्याने पुस्तक उघडलं. 2026 च्या एमराल्ड फेनेल यांच्या चित्रपटात मात्र हीथक्लिफ झाला गोरा जेकब एलॉर्डी, आणि एडगर झाला पाकिस्तानी वंशाचा शझाद लतीफ. गंमत बघा. कागदावर विविधता आहेच, फक्त जिथे पुस्तकाला ती हवी होती तिथून उचलून भलतीकडे ठेवली.

मग काय, प्रत्येक वेळी इतिहासाचा दाखला काढायचा का? मुळीच नाही. आर्मांडो इयानुची यांच्या 2019 च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये देव पटेल डेव्हिड आहे आणि त्याची आई गोरी. स्टीअरफोर्थ गोरा आणि त्याची आई काळी. कुणी खुलासा देत नाही आणि आपण मागतही नाही. का? कारण पहिल्यापासून नियम एकच आहे: इथे वर्ण मोजायचा नाही. हा नाट्यसंकेत आपल्याला नवा नाही. 'एकच प्याला'त बालगंधर्व सिंधू होऊन उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकाने काय त्यांचं लिंग तपासलं? सिंधूचं दुःख पाहिलं. संकेत पूर्ण असला की प्रेक्षक उदार होतो. अर्धा संकेत आणि अर्धा खुलासा आला की तोच प्रेक्षक चौकशीला बसतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. रूपांतर करणाऱ्याने एक बाजू पकडावी. वर्ण मोजायचा नसेल तर कुठेच मोजू नये. मोजायचा असेल तर त्याची किंमत पटकथेत भरावी, पात्राला भूतकाळ द्यावा, भाषा द्यावी, राग द्यावा. नुसता चेहरा आणून बाकी सगळं जुनंच ठेवलं, तर त्या नटाला आपण पाहुणा म्हणून बोलावलं आणि उंबऱ्यावरच उभं केलं.

आणि टवाळी करणाऱ्यांनो, टवाळी जरूर करा, आम्हालाही हसायला आवडतं. पण नटी काळी आहे, एवढ्यावर तुमचा विनोद संपत असेल, तर तुम्हीही त्या निर्मात्याइतकंच बघितलं: फक्त तोंड. पुढच्या वेळी पटकथाकाराचं नाव शोधा, निर्मात्यांची यादी वाचा, आणि मग नेम धरा. प्रश्न असतील तर आता घेऊ.