टेबल क्रमांक ५०

नटनट्यांच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकाराकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. पण सत्तेजवळ पोचलेला लेखक कुठे मोडतो, हे पाहायचे असेल तर न्यूयॉर्कच्या वॉल्टर विंचेलची कारकीर्द तपासली पाहिजे.

विंचेल १८९७ साली गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. शाळा सहावीत सुटली. पोटासाठी तो रंगमंचावर नाचला, गायला. सोबतच्या नटांच्या बातम्या टाइप करून तो पडद्यामागे लावी. त्या कागदांतून त्याचे सदर जन्मले. १९२९ मध्ये तो हर्स्टच्या ‘डेली मिरर’मध्ये आला. ऐन भरात त्याचे सदर सुमारे दोन हजार वृत्तपत्रांत छापले जाई. शिवाय रेडिओ होताच. एका ओळीत तो नटीला वर चढवी, दुसऱ्या ओळीत संपवी.

हिटलरवर त्याने अगदी सुरुवातीपासून प्रहार केले. त्याचे हे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पण लेखकाची बांधिलकी दूरच्या शत्रूवर लिहून सिद्ध होत नसते. ती स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध होते.

विंचेलचे टेबल स्टॉर्क क्लबमध्ये होते, क्रमांक ५०. मालक शर्मन बिलिंग्जली त्याचा मित्र. विंचेलने सदरातून क्लबची कीर्ती वाढवली. क्लबने सदराला खाद्य पुरवले. १६ ऑक्टोबर १९५१ च्या रात्री जोसेफिन बेकर तिथे जेवायला गेली. सेंट लुईसच्या दारिद्र्यात वाढलेली, पॅरिसने डोक्यावर घेतलेली ही काळी गायिका-नर्तकी. काळ्या प्रेक्षकांना मज्जाव असेल तिथे मी गाणार नाही, अशी तिची अट असे. क्लबमध्ये तिला कोणी हाकलले नाही. सांगितलेले जेवण मात्र आले नाही. तासभर वाट पाहून ती उठली.

विंचेल त्या रात्री क्लबात होता. प्रकार घडण्याआधीच आपण निघालो, असे तो पुढे सांगत राहिला. ते खरे धरले तरी लेखणी त्याच्याच हाती होती. त्या लेखणीने मालकाला जाब विचारला नाही. उलट बेकरलाच तिने कम्युनिस्ट ठरवले, फॅसिस्टांची चाहती ठरवले. नाझींविरुद्ध फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीत काम केलेल्या बाईला! तिचे अमेरिकेतले कार्यक्रम रद्द झाले. शहराच्या चौकशीत भेदभावाचा पुरावा सापडला नाही.

कसा सापडणार? ‘नाही’ हा शब्द कोणी उच्चारलाच नव्हता. आपल्याला हे नवे नाही. गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी निदान डोळ्यांना दिसे. शहरातला नकार सभ्य असतो. खोली ‘कालच गेलेली’ असते, अर्ज ‘विचाराधीन’ असतो, लेख ‘जागेअभावी’ परत येतो. अशा नकाराला साक्षीदार हाच पुरावा. तो गप्प बसला की अन्याय घडलाच नाही असे ठरते.

पुढे विंचेल मॅकार्थीच्या कळपात गेला. १९६३ मध्ये ‘डेली मिरर’ बंद पडले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मोर्चात बेकर लाखोंसमोर बोलली. १९७२ मध्ये विंचेल वारला, तेव्हा अंत्यविधीला एकटी मुलगी होती. बेकरला फ्रान्सने २०२१ मध्ये पँथिऑनमध्ये स्थान दिले.

पण काळाने न्याय केला, असे म्हणून आपली सुटका नाही. विंचेलचा अपराध साधा आहे: मिळालेले टेबल त्याला सोडवेना. आज आपलेही लेखक वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर, संमेलनांच्या व्यासपीठांवर पोचले आहेत. पोचलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, शेजारच्या टेबलावर आपल्या माणसाचे ताट आले नाही, तर आपण आपले ताट सारून उठणार आहोत काय?