शंभर डॉलरचा म्यूऑन-डबा: एकाने भागत नाही

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी, किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीआधी हाताशी काहीतरी असावं म्हणून ‘कॉस्मिक वॉच’ बनवायचा विचार करत असाल, तर आधी हे वाचा. बनवू नका असं मी म्हणणार नाही. पण त्याला चिकटलेले ‘स्वस्त’ आणि ‘ओपन सोर्स’ हे दोन शब्द जरा तपासून घेऊ.

स्पेन्सर अक्सानी आणि जॅनेट कॉनरॅड यांनी एमआयटीमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. पहिला पेपर २०१७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. डब्यात काय असतं? ५ × ५ सेंटिमीटरची, १ सेंटिमीटर जाडीची प्लास्टिक सिंटिलेटरची वडी, तिला चिकटवलेला ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, त्याला साधारण ३० व्होल्ट पुरवणारं सर्किट आणि एक अर्दुइनो नॅनो. विश्वकिरणांतून तयार झालेला म्यूऑन वडीतून गेला की ती क्षणभर चमकते, आणि त्या चमकेचा विद्युत स्पंद होतो. हा स्पंद इतका झटपट येऊन जातो की अर्दुइनोला तो नीट वाचताच येत नाही. म्हणून मध्ये ‘पीक डिटेक्टर’ टाकलाय, जो स्पंदाचा माथा थोडा वेळ धरून ठेवतो. महागडा डिजिटायझर टाळायची ही युक्ती मला फार आवडते. डबा बनवला नाहीत तरी एवढ्यासाठी सर्किटचा आराखडा कागद-पेन घेऊन समजून घ्याच.

आता गणित. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण १ म्यूऑन पडतो. आपली वडी २५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला पंचवीसेक. पण एकटा डबा चालू केलात की पडद्यावरचा आकडा याहून बराच मोठा येतो. वरचे कुठून आले? भिंतीतून, फरशीतून, ग्रॅनाइटच्या ओट्यातून. पोटॅशियम-४० आहे, युरेनियम आणि थोरियमची पिलावळ आहे, आणि त्यांचे गॅमा किरणही वडीला चमकवतात. मी विठ्ठलवाडीत राहतो. इथे चहूबाजूंनी काँक्रीटच. स्वयंपाकघरात डबा ठेवून शेजारच्या काकूंना ‘बघा, अंतराळातून आलेले कण’ असं सांगितलं, तर त्यातले निम्म्याहून जास्त ओट्यातून आणि भिंतीतून आलेले असू शकतात.

यावरचा उपाय जुना आहे. ब्रुनो रॉसी यांनी १९३० मध्येच त्याचं सर्किट दिलं: गणक एकापेक्षा जास्त ठेवा आणि सगळे एकाच वेळी बोलले तरच मोजा. गॅमा किरण सहसा एकाच वडीत आपलं काम उरकतो, म्यूऑन एकावर एक ठेवलेल्या दोन्ही वड्यांतून आरपार जातो. निव्वळ योगायोगाने दोन्ही डबे एकदम बोलायची शक्यता किती? प्रत्येकाचा दर सेकंदाला २ आणि वेळेची खिडकी ३० मायक्रोसेकंद धरा. २ × २ × २ × ०.००००३, म्हणजे तासाला जेमतेम एक. खरे म्यूऑन मात्र तासाला शेकड्यांनी येतात.

लेखकांनी यातलं काही लपवलेलं नाही. दोन डबे जोडायची सोय त्यांनीच दिली आहे. माझी तक्रार आहे ती ‘शंभर डॉलर’ या मथळ्याशी. ती किंमत एका डब्याची, आणि एका डब्याने फार तर मोजल्याचा आनंद मिळतो. मोजमापाचं खरं एकक जोडी आहे, तेव्हा किंमतही जोडीची सांगा! नुसतं लोकांना दाखवायचं असेल तर ड्राय आइस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा क्लाउड चेंबर मला जास्त प्रामाणिक वाटतो. अल्फाची रेघ आखूड आणि जाड, म्यूऑनची लांब, सरळ. फरक डोळ्यांनाच कळतो.

‘ओपन’चं काय? दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर नॅनोची नक्कल, रेझिस्टर, छोटा पडदा हे सगळं एका दुपारी मिळतं. तिथे सिंटिलेटर मागून बघा! आराखडे खुले आहेत, पण ज्या दोन वस्तूंमुळे हा डबा कणशोधक ठरतो, त्या कारखान्यातूनच घ्याव्या लागतात. परदेशातून मागवल्या तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी वेगळी.

गंमत म्हणजे सिंटिलेटर बनवणं आपल्याकडे नवं नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरचा उटीला ग्रेप्स-३ हा प्रयोग चालतो. तिथे प्रत्येकी १ चौरस मीटरचे शेकडो सिंटिलेटर शोधक मांडलेत आणि त्यासाठीचं प्लास्टिक सिंटिलेटर तिथल्याच प्रयोगशाळेत विकसित केलंय. तसली छोटी वडी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कशी ओतायची, याची खुली कृती कोणी मराठीत लिहिली, तर ती मला दहा नव्या सर्किटांपेक्षा मोलाची वाटेल.

ग्रेप्स-३ वरून आणखी एक. १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगात सुमारे १.३ अब्ज व्होल्टचं विभवांतर होतं, हे त्यांनी म्यूऑनच्या संख्येतल्या घटीवरून काढलं; पेपर २०१९ चा. तो वाचून पावसाळ्यात डबा घेऊन गच्चीवर धावू नका. त्यांची म्यूऑन दुर्बीण ५६० चौरस मीटरची, म्हणजे आपल्या वडीच्या सव्वादोन लाख पट.

जोडीला झेपेल असा प्रश्न घ्या: तळमजला आणि गच्ची यांत म्यूऑन किती कमी-जास्त? १५ सेंटिमीटरच्या स्लॅबमध्ये म्यूऑन साधारण ७ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो, आणि त्याची सरासरी ऊर्जा आहे ४०० कोटी. म्हणजे अडतात ते फक्त कमी ऊर्जेवाले, आणि फरक छोटाच असणार. जोडीचा दर मिनिटाला १० धरला तर तासाला ६००, अनिश्चितता ४ टक्के, दोन जागांची तुलना केली की जवळपास ६. फरक १० टक्के असला तरी या आकड्यांवर छातीठोक बोलता येत नाही. प्रत्येक जागी १० तास मोजलंत तर अनिश्चितता २ टक्क्यांच्या आत येते. मोजा शक्यतो रात्री, कारण फोटोमल्टिप्लायरचा गेन तापमानाबरोबर बदलतो आणि मे महिन्यातली दुपारची गच्ची म्हणजे तवाच. दोन्ही ठिकाणी डब्यांमधलं अंतर तेच ठेवा. आणि पॉवर बँक जोडून ठेवा. १० तासांत एकदा तरी लाइट जातेच, निदान आमच्याकडे.