स्टँडर्ड ऑइल निकाल : नायगावच्या दिव्याखाली एक परीक्षण

मक्तेदारीविषयक कायद्याच्या अभ्यासात १९११ चा स्टँडर्ड ऑइल निकाल बहुधा विजयकथेच्या रूपाने शिकविला जातो. एक प्रचंड कंपनी, तिच्याविरुद्ध उभे राहिलेले सरकार, आणि अखेरीस तिचे तुकडे करणारे सर्वोच्च न्यायालय, अशी तिची ठरीव मांडणी असते. ही मांडणी खोटी नाही. पण ती अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी संपते. स्टँडर्ड ऑइलचा व्यापार मात्र तेथे संपत नव्हता. ज्या तेलावर ही मक्तेदारी उभी होती ते दिव्याचे तेल होते, आणि ते हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांत जळत होते. मराठीतील ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’वरून आला, असे सांगतात. निजामी राज्यातील नायगावसारख्या गावी तेलाचा डबा गोदाकाठच्या रेल्वे स्थानकावरून बैलगाडीने येई; तेल संपल्यावर तोच डबा धान्याला, पाण्याला किंवा छपराच्या ठिगळाला कामी लागे. या दिव्याखाली बसून तो निकाल वाचला, तर त्यातून काय हाती येते, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

निकालाची हकीगत थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. रेल्वे कंपन्यांकडून गुप्त सवलती मिळवून व प्रतिस्पर्धी शुद्धीकरण कारखाने विकत घेऊन रॉकफेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नऊ-दशांश भाग ताब्यात आणला होता. १८९० मध्ये शर्मन कायदा झाला. १८९२ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने तेथील ट्रस्ट बेकायदा ठरविला. तेव्हा हा सारा डोलारा १८९९ मध्ये न्यू जर्सीतील एका धारक कंपनीच्या छत्राखाली हलविण्यात आला. आयडा टारबेल यांची लेखमाला १९०२ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि लोकमत तापले. संघराज्य सरकारने १९०६ मध्ये दावा लावला, आणि १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम कायम केला. न्यू जर्सीच्या कंपनीपासून तेहतीस दुय्यम कंपन्या अलग झाल्या.

आता या हुकुमाची बारकाईने तपासणी करू गेल्यास पहिली गोष्ट दिसते ती अशी, की न्यायालयाने कंपनी तोडली, मालकी तोडली नाही. दुय्यम कंपन्यांचे भाग मूळ भागधारकांनाच, त्यांच्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात वाटण्यात आले. ज्या थोड्या कुटुंबांकडे आधी एका कंपनीचे भाग होते, त्यांच्याकडे आता अनेक कंपन्यांचे भाग आले. बाजारात त्या भागांच्या किमती पुढे चढल्या आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षा श्रीमंत झाले. एकत्र कुटुंबाची वाटणी होऊन चुली वेगळ्या झाल्या, पण जमिनीच्या उताऱ्यावर नावे तीच राहिली, असा हा प्रकार होता. यावरून निकाल पोकळ होता असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. टेक्ससमध्ये १९०१ साली लागलेल्या नव्या तेलामुळे स्पर्धक आधीच उभे राहिले होते, आणि वेगळ्या झालेल्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांना आपापल्या स्वतंत्र वाटा शोधणे भाग पडले. भागधारक तेच राहिले तरी कारभारी बदलला की व्यापाराचा स्वभावही हळूहळू पालटतो. तथापि ‘तुकडे किती पडले’ या गणतीने निकालाची थोरवी मोजण्याची सवय सोडली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मुख्य न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी शर्मन कायद्याचा अर्थ लावताना असे ठरविले, की व्यापारावरील प्रत्येक बंधन नव्हे, तर ‘अवाजवी’ बंधनच कायद्याच्या कक्षेत येते. न्यायमूर्ती हार्लन यांना कंपनीचे विसर्जन मान्य होते. या शब्दाला मात्र त्यांचा कडाडून विरोध होता. विधिमंडळाने जो शब्द घातला नाही तो न्यायालयाने घालणे म्हणजे न्यायासनावरून कायदा करणे होय, हा त्यांचा आक्षेप. अभ्यासक बहुधा व्हाइट यांच्या बाजूने कौल देतात. आणि शब्दशः पाहिले तर प्रत्येक विक्रीकरार कोणाच्या तरी व्यापारावर बंधन घालतोच, हेही खरे. पण हार्लन यांची भीती निराधार नव्हती. ‘वाजवी’ हा शब्द एकदा कायद्यात शिरला की प्रश्न सामर्थ्याचा राहत नाही, वर्तनाचा होतो. आणि वर्तनाविषयी पुरावा गोळा करण्याची ऐपत ज्याच्यापाशी अधिक त्याचे पारडे जड होते.

हा शब्द समुद्र ओलांडून भारतात आला. १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याखाली मुंबईच्या टेल्को कंपनीविरुद्ध चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हीच वाजवीपणाची कसोटी लावली. मालमोटारींच्या विक्रेत्यांना ठराविक क्षेत्राबाहेर विक्री करण्यास कंपनीने मनाई केली होती. मालाची टंचाई असताना देशभर समान वाटप व्हावे यासाठी ती योग्य आहे, असा निर्णय झाला. मराठवाड्यासारख्या आडवळणी प्रदेशाच्या दृष्टीने या निर्णयात तथ्य आहे. बंधन नसते तर मोटारी मोठ्या शहरांतच खपल्या असत्या. म्हणजे शब्द सरसकट टाकाऊ नाही. तो कोणाच्या गरजेला जोडला जातो, यावर त्याचे मोल ठरते.

शब्द आला; उपाय मात्र आला नाही. निकालानंतर आशियातील व्यापार मुख्यतः न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड कंपनीच्या, म्हणजे ‘सोकोनी’च्या, वाट्याला गेला. तिने १९२७ मध्ये रशियन रॉकेल घेऊन हिंदुस्थानात विकण्यास आरंभ केला, आणि रॉयल डच शेलने चिडून येथे भाव पाडले. हिंदुस्थानच्या बाजारात तेलाचे युद्ध पेटले. स्पर्धेचा जो लाभ न्यायालयाला अभिप्रेत होता, तो काही काळ इकडच्या गिऱ्हाइकाला मिळाला असे म्हणता येईल. पण तो काळ अल्प ठरला. सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲक्नाकॅरी येथे शेल, अँग्लो-पर्शियन आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड या कंपन्यांच्या प्रमुखांनी बाजारातील आपापले वाटे आहे तेथेच गोठविण्याचा समझोता केला. या समझोत्यातून एक देश हेतुपुरस्सर वगळला होता, तो म्हणजे अमेरिका. कारण तेथे शर्मन कायद्याचा धाक होता. १९११ च्या निकालावर याहून बोलके भाष्य सापडणे कठीण. निकालाचा धाक खरा होता, म्हणूनच त्याच्या हद्दीबाहेर काय चालते हेही त्याच कागदावर उमटले.

पुढे १९३३ मध्ये न्यू जर्सीची स्टँडर्ड व सोकोनी-व्हॅक्यूम या दोन कंपन्यांनी पूर्वेकडील व्यापारासाठी ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’ ही संयुक्त कंपनी काढली. न्यायालयाने १९११ मध्ये जे वेगळे केले होते त्याचे दोन मोठे तुकडे आशियात पुन्हा एक झाले. या कंपनीचा तुर्भे येथील शुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. तेल आता मुंबईतच शुद्ध होऊ लागले, तरी किंमत मात्र ते जणू परदेशातून आले आहे असे धरून, परकीय बंदरातील भावावर वाहतूक, विमा व जकात चढवून ठरत असे. या पद्धतीची छाननी करणाऱ्या दामले समितीचा अहवाल १९६१ मध्ये आला. नायगावच्या दिव्यातील रॉकेलच्या किमतीशी १९११ च्या निकालापेक्षा या अहवालाचा संबंध अधिक जवळचा होता. पण तो कोणत्याही विजयकथेत आढळत नाही.

अमेरिकन सरकारने १९५३ मध्ये तेल कंपन्यांच्या कटाविरुद्ध नवा दावा लावला. न्यू जर्सीच्या कंपनीबाबत १९६० मध्ये संमतीने हुकूमनामा झाला, आणि १९६२ मध्ये स्टँडर्ड-व्हॅक्यूमचे विसर्जन होऊन तुर्भ्याच्या कारखान्यावर ‘एस्सो’ची पाटी लागली. अमेरिकन मक्तेदारीविरोधी कायद्याचा मुंबईपर्यंत पोहोचलेला हा प्रत्यक्ष परिणाम. दुकानातील भावावर त्याने काही फरक पाडल्याचे मानण्यास आधार नाही. पाटी पुन्हा बदलली ती १९७४ मध्ये, हिंदुस्तान पेट्रोलियमच्या नावाने. आणि तो बदल संसदेच्या कायद्याने झाला, न्यायालयाच्या हुकुमाने नव्हे. वेगळ्या झालेल्या दोन मुख्य वारसदार कंपन्या, एक्सॉन व मोबिल, १९९९ मध्ये उघडपणे एकत्र आल्या.

हद्दीचा हा प्रश्न भारतीय न्यायालयापुढे सोड्याच्या निमित्ताने आला. अमेरिकेच्या १९१८ च्या वेब-पोमरीन कायद्याने निर्यातीसाठी एकत्र येणाऱ्या कंपन्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती. तिचा लाभ घेऊन तेथील सोडा-ॲश उत्पादकांचा संघ भारतात माल पाठवू पाहत होता. २००२ मधील हरिदास एक्स्पोर्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की १९६९ चा कायदा देशाबाहेर लागू होत नाही. येथे एक गोष्ट नोंदली पाहिजे. तक्रार गिऱ्हाइकांची नव्हती, देशी उत्पादकांची होती, आणि तिचा रोख स्वस्त आयातीवर होता. तेव्हा न्यायालयाने गिऱ्हाइकाचा विचार केला हे योग्यच. पण देशाबाहेर झालेल्या संगनमताला येथे जाब विचारता येईल काय, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूला पडला.

२००२ च्या स्पर्धा कायद्याने त्याचे उत्तर शब्दांत दिले आहे. कृत्य देशाबाहेर घडले तरी त्याचा परिणाम भारतातील स्पर्धेवर होत असल्यास आयोगाला कलम ३२ खाली चौकशी करता येते. त्याच कायद्याच्या कलम २८ खाली प्रभुत्व असलेल्या उद्योगाच्या विभाजनाचा हुकूम देता येतो, आणि त्यात भाग निर्माण करणे, वाटणे वा रद्द करणे यांचाही समावेश आहे. मात्र विभाजनातून निघालेल्या कंपन्यांचे भाग पूर्वीच्याच भागधारकांच्या हाती राहू द्यावेत की नाही, याविषयी कलम काही सांगत नाही. व्हाइट यांच्या न्यायालयापुढे १९११ मध्ये हाच प्रश्न होता, आणि तेथे तो विचारलाच गेला नव्हता.