आजारपणाचे कारण नाकारणारा राजीनामा

बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय कायदामंत्रिपद का सोडले, हे सांगणारे त्यांचे १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन राजकारणाचे अभ्यासक वाचतात, हिंदू कोड बिलाचे अभ्यासक वाचतात. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या चौदाव्या खंडात, दुसऱ्या भागात, ते मिळते. मला ते एक राजीनामा म्हणून वाचावेसे वाटते. काम कसे सोडावे याचा इतका परिपूर्ण नमुना माझ्या वाचनात दुसरा नाही.

सुरुवात पाहा. गुरुवारी, २७ सप्टेंबरला, राजीनामा दिला आणि लगेच मोकळे करा अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी तो स्वीकारला गेला. मग आजही मी मंत्री कसा? तर अधिवेशन संपेपर्यंत थांबा असे पंतप्रधान नेहरूंनी सांगितले, आणि घटनात्मक प्रथेप्रमाणे ते मानणे मला भाग होते. बस्स. एक विशेषण नाही, एक उसासा नाही. हा माणूस किती संतापलेला आहे ते पुढच्या पानांत दिसतेच. पण संतापाला त्याने आधी तारखांच्या मागे उभे केले आहे. कधी दिले, कधी स्वीकारले, त्यानंतर कुणाच्या सांगण्यावरून खुर्चीत बसलो, एवढे नक्की झाल्याशिवाय तो दुसऱ्या कशालाच हात लावत नाही.

लगेच दुसरा प्रश्न: बोलावे की गप्प जावे? नियमाने निवेदनाची मुभा आहे, पण आपल्या आधी काही मंत्री बोलून गेले, काही न बोलता गेले, आणि आपणही काही दिवस घुटमळत होतो, असे ते सांगतात. मग कारण देतात, आणि ते मला फार मोलाचे वाटते. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. जो अल्पमतात राहिला त्याला बाहेर तसे बोलता येत नाही. त्यामुळे आत मतभेद असूनही सभागृहाला सारे आलबेल वाटत राहते. म्हणून जाणाऱ्याने का जातो ते सभागृहाला सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. राजीनामा पंतप्रधानांना, स्पष्टीकरण मात्र ज्यांच्या वतीने पद सांभाळले त्यांना, अशी ही वाटणी आहे.

आमच्या खाडीकाठच्या दिघीत मी शेजारपाजारच्या मुलांना अर्ज-विनंत्या लिहून देतो, त्यात राजीनामेही असतात. कुणी बंदरावर कामाला, कुणी जहाजावर, कुणी मुंबईत. नोटिशीचा काळ किती, शेवटचा दिवस कुठला, कुठल्या चाव्या, कुठली कागदपत्रे कुणाच्या हाती द्यायची, हे मी विचारून घेतो. कारणाच्या ओळीपाशी आले की हमखास ऐकू येते, “काका, घरगुती अडचण टाका ना.” मी टाकतो. पोराला पुढच्या ठिकाणी जायचे असते, अनुभवाचा दाखला हवा असतो, बाकी असलेला पगार हवा असतो. मागे धूर ठेवून जाणे त्याला परवडत नाही, आणि कारण सांगण्याची सक्ती त्याच्यावर नसतेच. पण त्या दोन शब्दांखाली काय गाडले जाते ते मला माहीत असते. म्हणूनच बाबासाहेबांच्या निवेदनातली कारणे मी अधाशासारखी वाचतो.

ही कारणे रचली कशी आहेत ते पाहण्यासारखे आहे. आपण सहसा स्वतःचा सल शेवटी, चोरून आणतो किंवा लपवतो. बाबासाहेब तो सगळ्यात आधी मांडून टाकतात. चार वर्षे, एक महिना, सव्वीस दिवस झाले या पदावर येऊन, असा हिशेब देऊन ते सांगतात की कायद्यापलीकडचे प्रशासकीय खाते चालवण्याचाही आपल्याला अनुभव होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर आणि सार्वजनिक बांधकाम सांभाळले होते. नियोजन खाते देण्याचे पंतप्रधानांनी मान्यही केले होते. खाते निघाले, ते मिळाले नाही. आर्थिक व्यवहार समितीवर नेमणूक झाली ती पंतप्रधान इंग्लंडला गेलेले असताना. ते परतल्यावरच्या फेररचनेत नाव गळले, आणि पुढे परत आले ते निषेध नोंदवल्यामुळे. सगळे घटनांच्या भाषेत. वाचणाऱ्याला तपासून पाहता येईल असे. स्वतःचे गाऱ्हाणे असे मोजून मांडले की ते केविलवाणे होत नाही.

त्यानंतर मागासवर्गीयांच्या आणि अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, आणि मंत्रिमंडळाचा कारभार. परराष्ट्र धोरणाचा भाग मला या निवेदनात सगळ्यात कमी रुचतो. ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात हा मुद्दा ठोस आहे, पण बिस्मार्क आणि बर्नार्ड शॉ येतात तिथे राजीनामा क्षणभर भाषण होतो. ते त्यांच्या टेबलावरचे काम नव्हते, आणि लिखाणातही ते जाणवते. मंत्रिमंडळाच्या कारभारावर आले की लेखणीला लगेच धार येते: निर्णय समित्यांमध्ये आधीच होतात आणि मंत्रिमंडळ ते फक्त नोंदवून घेणारी कचेरी झाली आहे. आत बसलेल्या माणसालाच हे दिसू शकते.

आणि मग, अखेर ज्यामुळे पद सोडायचे ठरवले ते कारण. ११ एप्रिल १९४७ ला मांडलेले हिंदू कोड बिल चार कलमे मंजूर होऊन मेले, आणि त्याच्यासाठी कुणी रडले नाही. विरोध फार होता म्हणून सोडावे लागले, असे म्हटले जात होते. बाबासाहेब त्याला आकड्यांनी उत्तर देतात. पक्षाच्या शेवटच्या बैठकीत १२० जणांपैकी विरोधात जेमतेम २०. पक्षात चर्चेला आले तेव्हा ४४ कलमे साडेतीन तासांत संमत. सभागृहात मतविभागणी झाली त्या प्रत्येक वेळी प्रचंड बहुमत. मग विरोध होता कुठे? मुख्य प्रतोदाविषयीचे त्यांचे वाक्य तर दुधारी आहे: आधी प्रतोदाने पंतप्रधानांशी केलेली बेइमानी, आणि तेच शब्द उलटे फिरवून पंतप्रधानांनी त्याच बेइमानीशी राखलेले इमान. नेहरूंच्या प्रामाणिकपणावर ते शंका घेत नाहीत. बिल तडीस नेण्याची जिद्द नव्हती, असे म्हणतात. माणसाचे माप इतके नेमके घेणे रागात असताना किती कठीण असते!

इथवर आल्यावर ते एवढे सविस्तर का सांगावे लागले याचा खुलासा करतात. मी आजारपणामुळे जातो आहे असे काही लोक सुचवत आहेत; ते मला साफ अमान्य आहे; आजारपणासाठी कर्तव्य सोडणारा मी नव्हे. या ओळींचे वजन कळायला दोन महिने मागे जावे लागते. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनीच नेहरूंना पत्र लिहून कळवले होते की आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते आहे, म्हणून बिल लवकर घ्यावे. म्हणजे आजार खरा होता. कागदावर होता. समोरच्यालाही तो सोयीचा होता. तेवढे एक कारण दिले असते तर कुणाचीच अडचण झाली नसती. खरे असूनही जे कारण नव्हते, ते त्यांनी कारण म्हणून वापरू दिले नाही.

मग उशिराचा आरोप. एवढे मतभेद होते तर आधीच का गेला नाहीत? ते उत्तर देतात: २६ जानेवारी १९५० पर्यंत राज्यघटना, त्यानंतर लोकप्रतिनिधित्वाचे विधेयक आणि मतदारसंघांची आखणी. हे अर्धवट टाकून जाणे बरोबर वाटले नाही. आणि मुख्य म्हणजे हिंदू कोडासाठी थांबलो. आमच्या खाडीत हे सांगावे लागत नाही. तांडेलाशी कितीही बिनसले तरी खलाशाने मोसमात होडी सोडू नये, पावसाळ्यात होडी वर ओढली की उचल फेडून, हिशेब करून मोकळे व्हावे, ही इथली रीत आहे.

शेवटही तसाच रीतीचा. आपण गेल्याचे कुणाला फारसे काही वाटणार नाही, पण स्वतःशी खरे राहायचे तर बाहेर पडणे भाग आहे, असे म्हणून ते सहकाऱ्यांच्या सौजन्याबद्दल आणि सभासदांच्या सहनशीलतेबद्दल आभार मानतात. इतके आसूड ओढल्यावर हे आभार पोकळ वाटायला हवे होते. वाटत नाहीत. ज्याने प्रत्येक गोष्ट मोजून सांगितली, त्याचे आभारही मोजलेलेच असणार यावर आपला विश्वास बसलेला असतो.

पण हे निवेदन सभागृहात वाचलेच गेले नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी आधी प्रत मागितली आणि वेळ संध्याकाळची दिली. बाबासाहेब उठून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले.

असाच आणखी एक राजीनामा आठवतो. पाच वर्षांनी आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या खासदाराने, चिंतामणराव देशमुखांनी, अर्थमंत्रिपद सोडले. महाडजवळच्या नाते गावी जन्म, मुळात सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, ही त्यांची कारणे. पहिले कारण म्हणजे बाबासाहेबांचीच तक्रार, पाच वर्षांनी जून झालेली. जानेवारी १९५६ मध्येच त्यांनी बाजूला होण्याची इच्छा कळवली होती. त्याच महिन्यात त्यांनी आयुर्विमा राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम आणला, फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला, आणि जुलैत ते गेले. त्यांना लोकसभेत निवेदन वाचता आले. तेव्हा अध्यक्षपदी तेच अय्यंगार होते. त्या निवेदनात नेहरूंच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस असल्याचा आरोप आहे. देशमुखांसारख्या संयमी माणसाने एवढे तरी टाळायचे होते, असे म्हणणारे भेटतात. मला तसे वाटत नाही. सहा महिने हाताखालचे काम पुरे करताना त्यांनी तो शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता, आणि काढला तो पाठीमागे नव्हे, नेहरू ज्या सभागृहाचे नेते होते तिथेच, त्यांना उत्तर देता येईल अशा जागी. नेहरूंनी तो नाकारला, आणि दोघांचेही म्हणणे कामकाजात नोंदले गेले.