बावडीतला ब्रह्मराक्षस : मुक्तिबोधांच्या साहित्यातील सत् आणि असत्

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे मराठी घरात वाढलेले आणि हिंदीत लिहिणारे कवी. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात असल्याने त्यांचे बालपण व तारुण्य माळव्यात गेले. उज्जैनच्या माधव महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे काही काळ त्याच शहरात त्यांनी शिक्षकी केली. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत नावारूपाला आले. त्यांच्या 'क्षिप्रा' (१९५४) या कादंबरीला उज्जैनच्या नदीचेच नाव आहे.

माणसातील वाईटाविषयी लोकसमजूत अशी, की ते बाहेरून येते. कुसंगत, भूतबाधा, सैतान ही त्याची नावे. संतांनी ते आतच दाखवले आणि त्याला षड्रिपू म्हटले. मुक्तिबोधांनी मात्र विचारी, शिकलेल्या माणसाच्या असताकडे लक्ष वेधले. हा माणूस चोरी करीत नाही, कुणाला लुबाडीत नाही; तरीही तो निर्दोष नाही.

'ब्रह्मराक्षस' या कवितेत शहराबाहेरच्या ओसाड बावडीत एक विद्वान ब्रह्मराक्षस राहतो. पापाची छाया जावी म्हणून तो रात्रंदिवस अंग घासतो. मळ मात्र जात नाही. मार्क्सपासून गांधींपर्यंत सर्वांचे विचार त्याला अवगत आहेत. बावडीत ऊन उतरले, की सूर्याने आपल्याला नमस्कार केला असे त्याला वाटते. चांदणे उतरले, की चंद्राने आपल्याला गुरू मानले असे वाटते. कवितेचे मर्म येथेच आहे. पश्चात्ताप आणि अहंकार एकाच पाण्यात नांदतात, म्हणून मळ निघत नाही.

कुरआनातील नफ्सच्या तीन अवस्था येथे उपयोगी पडतात. वाईटाकडे ओढणारा नफ्स-ए-अम्मारा, स्वतःला दोष देणारा नफ्स-ए-लव्वामा आणि समाधान पावलेला नफ्स-ए-मुत्मइन्ना. मुक्तिबोध मार्क्सवादी होते. त्यांनी ही परिभाषा वापरली असे येथे सुचवायचे नाही. परंतु ब्रह्मराक्षस लव्वामाच्या पायरीवर अडकला आहे, असे म्हटल्यास त्याची शोकांतिका स्पष्ट होते. स्वतःला दोष देणे ही चांगुलपणाची सुरुवात होय. तीच अखेर मानली, तर तीही एक प्रकारची आत्मपूजा ठरते.

'क्लॉड ईथर्ली' या कथेत हाच प्रश्न जगाच्या पातळीवर येतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावरील हवामान पाहून बॉम्बफेकी विमानाला संदेश देणारा हा अमेरिकन वैमानिक पुढे अपराधभावनेने ग्रासला गेला आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मुक्तिबोधांनी त्याला भारतातल्या एका वेड्यांच्या इस्पितळात आणून बसवले. कथेचा आशय असा, की आपल्या प्रत्येकाच्या मनात असे एक इस्पितळ असते आणि गैरसोयीचे, बंडखोर, चांगले विचार आपण तेथे कोंडून ठेवतो. म्हणजे वाईट हे चांगल्याचा अभाव नसून चांगल्याला दिलेली कैद आहे.

या कैदेतून सुटका कशी व्हावी? कवितेत त्याचे उत्तर अपुरे आहे. ब्रह्मराक्षस अंधारातच मरतो. त्याचा शिष्य होऊन अपुरे कार्य पुरे करण्याची इच्छा कवी शेवटी व्यक्त करतो, एवढेच. शिवाय त्याच्या वेदनेला कवितेत इतके तेज मिळते, की वाचक त्याच्या दोषाकडे काणाडोळा करतो. टीकाकारांनीही त्याला पुष्कळदा केवळ हुतात्मा मानले. 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा मात्र अधिक रोखठोक आहे. काशीतला गुरू एका अडाणी मुलाला बारा वर्षे शिकवतो आणि अखेर आपण ब्रह्मराक्षस असल्याचे सांगतो. हयातीत योग्य शिष्याला ज्ञान देता आले नाही, म्हणून तो अडकला होता. ज्ञान दिल्यावर तो मुक्त होतो, आणि ते पुढे दिल्याशिवाय तुलाही मुक्ती नाही, असे शिष्याला बजावतो.

कविता व कथा एकत्र वाचल्या, की मुक्तिबोधांची भूमिका स्पष्ट होते. माणसातले सत् एकट्याने घासून उजळत नाही. ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. इल्मला अमलची जोड हवी, हे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. शिक्षकाचा अमल वर्गात होतो. अडाणी म्हणून मागच्या बाकावर सोडून दिलेला प्रत्येक विद्यार्थी या कथेतला शिष्य असू शकतो, आणि त्याला टाळणारा विद्वान आपली बावडी स्वतःच खणीत असतो.