तक्त्यात नसलेला गुणाकार

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता हमखास दिसतो. कारखान्याचे धुराडे, सांडपाण्याचा नाला, दूषित शेत आणि त्यात डोलणारी सूर्यफुले. मुळे जड धातू शोषून घेतात व जमीन शुद्ध होते, असे खाली लिहिलेले असते. परभणी जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता मी मुलांना विचारले, ‘‘किती वर्षांत?’’ उत्तर मिळाले नाही. दोष मुलांचा नव्हे. ज्या लेखांवरून असे तक्ते उतरवले जातात, त्यांतही हा गुणाकार बहुधा नसतो.

तो करून पाहू. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे २००० टन माती. तिच्यातले शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमने कमी करायचे, तर २०० किलो शिसे बाहेर काढावे लागेल. हेक्टरी ५ टन वाळलेले पीक आले आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम शिसे उतरले, असे जरा उदारपणेच धरू. एका हंगामात निघाले १०० ग्रॅम. म्हणजे २००० हंगाम! कॅडमियम झाडात अधिक सहज चढते. किलोमागे १ मिलिग्रॅम कमी करायला २ किलो कॅडमियम काढावे लागेल. पिकात किलोमागे १० मिलिग्रॅम उतरले, तर हंगामाला ५० ग्रॅम, म्हणजे ४० हंगाम. शिवाय कापलेली झाडे जाणार कुठे? गुरांपुढे, की चुलीत? तक्ता त्याआधीच संपलेला असतो.

चेर्नोबिलच्या सूर्यफुलांचा दाखला हटकून दिला जातो. तो प्रयोग तळ्यातल्या पाण्यावर होता. पाण्यात विरघळलेले मूलद्रव्य मुळांना आयते मिळते, चिकणमातीच्या कणांना बिलगलेले मिळत नाही. फुकुशिमा येथे २०११ साली मातीवर हेच करून पाहिले, तेव्हा सूर्यफुलांनी सीझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग उचलला. इताई-इताई रोगामुळे कुप्रसिद्ध झालेल्या जिन्झू नदीकाठच्या भातखाचरांत तर कॅडमियमयुक्त मातीवर चांगल्या मातीचा थर द्यावा लागला. ते काम २०१२ पर्यंत चालले होते.

दुसरी उणीव मला अधिक खटकली. उपायांच्या यादीत ‘चुना टाका’ असे होते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ते ठीक. परभणीच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच असते, सामू ८ च्या आसपास असतो. शिसे, कॅडमियम, जस्त अशा मातीत घट्ट बांधले जातात. इतके, की पिकाला पुरेसे जस्त मिळत नाही आणि शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतो. जस्त हाही जड धातूच. तक्त्यावर मात्र तो विषांच्या रांगेत! उलट आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम अल्कधर्मी मातीत अधिक मोकळे होतात. तिथे चुना घातला, तर दुखणे वाढेल. क्रोमियमच्या बाबतीत शेणखत उपयोगी पडते, कारण सेंद्रिय पदार्थ त्याचे कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात. धातू कोणता आणि माती कोणती, हे विचारल्याखेरीज उपाय लिहिताच येत नाही.

शाळेच्या कुंपणापलीकडचे ढेकूळ आणून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, की फसफस होते. चुनखडी डोळ्यांना दिसते, कानांनाही कळते. हा प्रयोग त्या दिवशी एकाही टेबलावर नव्हता.